बॅटचं माप आणि खेळाचा काटा

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात बसून बॅटच्या इतिहासावर बोलायचं, तर सुरुवात मैदानापासून करता येईल, पण मी ती उसाच्या काट्यापासून करणार आहे. भरलेली गाडी काट्यावर चढते, मग रिकामी चढते, आणि दोन वजनांतला फरक म्हणजे आपला ऊस. वर्ष-दीड वर्ष राबून वाढवलेल्या पिकाचा हिशेब त्या दोन आकड्यांवर येऊन थांबतो. शेतकऱ्याला काटा उघडून बघता येत नाही. तो सील बघतो, आकडा बघतो आणि पावती खिशात घालतो. म्हणूनच ‘काटामारी’ हा शब्द आपल्याकडे एवढा झोंबतो. चार क्विंटल गेले याचं दुःख असतंच, पण ज्याच्यावर विश्वास टाकला तोच खोटा निघाला याची चीड जास्त असते.

बॅटचंही तसंच आहे. बॅट हासुद्धा एक काटाच. खेळाडूची नजर, मनगट, सराव, धीर या सगळ्याचं वजन आपण त्या लाकडाच्या किंवा धातूच्या तुकड्यावर करतो. तो तुकडाच आतून बदलला, तर मोजलं काय जातं, खेळाडू की कारागिरी? हा प्रश्न अडीचशे वर्षं जुना आहे. आज त्याच्या इतिहासातल्या तीन पायऱ्या आपण बघू आणि शेवटी आपल्या गावच्या मैदानावर येऊ.

पहिली पायरी डोळ्यांना दिसणाऱ्या मापाची. साल १७७१, महिना सप्टेंबर, देश इंग्लंड. चर्टसी आणि हॅम्बल्डन या दोन संघांचा सामना होता. चर्टसीकडून थॉमस व्हाइट नावाचा फलंदाज एक बॅट घेऊन उतरला. बॅट कसली, फळीच ती! रुंदी जवळजवळ स्टंपांएवढी. आता चेंडू स्टंपांना लागणार कसा? गंमत अशी, की बॅट किती रुंद असावी याचा नियमच तेव्हा नव्हता. म्हणजे व्हाइटनं नियम मोडला असं म्हणता येत नाही. त्यानं नियमातली फट शोधली.

दोन दिवसांनी हॅम्बल्डनच्या मंडळींनी एक छोटा ठराव लिहून त्यावर सह्या केल्या: बॅटची रुंदी सव्वाचार इंचच असावी. पुढे १७७४ च्या नियमांत हे माप आलं. आजच्या क्रिकेटच्या नियमांतही कमाल रुंदी १०८ मिलिमीटर आहे, म्हणजे तेच सव्वाचार इंच. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. तो सामना हॅम्बल्डननं एका धावेनं जिंकला होता! हरलेल्या संघानं तक्रार करावी हे नेहमीचंच. इथं जिंकलेल्यांनी नियम लिहिला. ‘यावेळी आपण निभावलो, पण असा खेळ आपल्याला नको,’ हे म्हणायला वेगळी वृत्ती लागते. त्यांनी नुसता ठराव केला नाही, एक लोखंडी मापही करून घेतलं. बॅट त्यातून गेली तर चालेल, अडकली तर नाही. वाद मिटला, कारण वाद मिटवणारी वस्तू दोन्ही बाजूंना दिसत होती.

दुसरी पायरी साहित्याची, म्हणजे बॅट कशाची बनवलीय याची. १५ डिसेंबर १९७९, पर्थ. ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली इंग्लंडविरुद्ध कसोटीत ॲल्युमिनियमची बॅट घेऊन खेळायला आला. इंग्लंडचे कर्णधार माइक ब्रिअर्ली यांनी तक्रार केली, की या बॅटमुळे चेंडू खराब होतोय. बराच वेळ वाद झाला आणि शेवटी लिलीनं चिडून ती बॅट मैदानात भिरकावली. रुंदीचा नियम पाळलेला होता; पण पातं लाकडाचंच हवं, असं नियमात लिहिलेलंच नव्हतं. ते १९८० च्या नियमावलीत लिहिलं गेलं. पुन्हा तोच क्रम: आधी फट, मग नियम.

इथं एक उलटी गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर आपण नियमांचे भक्त होऊन बसू. २४ जुलै १९८३, न्यूयॉर्क, बेसबॉलचा सामना. कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटनं होमरन मारली. बॅट हातातून निसटू नये म्हणून मुठीला डांबरासारखा चिकट पाइन टार लावतात. तो १८ इंचांपर्यंतच लावावा असा नियम होता आणि ब्रेटच्या बॅटवर तो त्याच्या वर गेला होता. पंचांनी होमरन रद्द करून त्याला बाद दिलं. प्रकरण अमेरिकन लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांच्याकडे गेलं. त्यांनी होमरन परत दिली. चिकटपणामुळे चेंडू लांब जात नाही, तेव्हा नियमाचा हेतू मोडलेला नाही, असा त्यांचा विचार होता. उरलेला सामना १८ ऑगस्टला पुरा केला. म्हणजे बॅटवर केलेली प्रत्येक गोष्ट लबाडी नसते. जवसाचं तेल पाजणं, नवी बॅट ठोकून तयार करणं, नवी ग्रिप चढवणं, चिरेवर टेप लावणं ही बॅटची निगा झाली. निगा राखणं वेगळं आणि तिचा स्वभाव बदलणं वेगळं.

आता तिसरी पायरी, सगळ्यात अवघड. बदल आत असतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. इथं सॉफ्टबॉल येतो.

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ सालचा, शिकागोतला, तोही बंद सभागृहातला. बॉक्सिंगचा हातमोजा गुंडाळून केलेला चेंडू आणि झाडूचा दांडा एवढंच साहित्य होतं. खेळ वाढला तसे नियम आले. बॅट जास्तीत जास्त ३४ इंच लांब आणि सव्वादोन इंच जाड. १९७० च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या बॅटा आल्या आणि सगळं चित्र पालटलं. लाकडाची बॅट भरीव असते. चेंडू आदळला की चेंडूच चेपतो आणि त्या चेपण्यात बरीच ताकद वाया जाते. धातूची बॅट पोकळ. तिची पातळ भिंत क्षणभर आत दबते आणि उसळून परत येते, स्प्रिंगच्या पलंगासारखी. चेंडू कमी चेपतो आणि जास्त वेगानं सुटतो. भिंत जितकी पातळ तितकी उसळी जास्त.

मग कार्बनच्या धाग्यांच्या थरांपासून केलेल्या कंपोझिट बॅटा आल्या. त्यांचा गुण विचित्र. वापरून वापरून थरांमधली पकड सैल होते, भिंत लवचीक बनते आणि बॅट नव्यापेक्षा चांगली चालायला लागते, ती फुटेपर्यंत. हे कळल्यावर माणसं थांबतील का? काहींनी बॅट दोन रुळांमध्ये घालून दाबून काढायला सुरुवात केली. महिन्यांचं काम तासात. काही त्याच्याही पुढे गेले. टोकाचं झाकण काढायचं, बॅट लेथवर चढवायची, आतली भिंत तासून पातळ करायची आणि झाकण पुन्हा बसवायचं. बाहेर कंपनीचा शिक्का तसाच, मान्यतेची खूण तशीच. उसाच्या काट्याची आठवण आली ना? सील शाबूत, आत फेरफार.

आता हॅम्बल्डनचं लोखंडी माप इथं काय करणार? बॅट त्यातून आरामात जाते. म्हणून मोजायची गोष्टच बदलावी लागली. अमेरिकेच्या सॉफ्टबॉल संघटनेनं २००४ मध्ये जी कसोटी लावली तिचा आकडा ताशी ९८ मैल आहे, म्हणजे सुमारे १५८ किलोमीटर. प्रयोगशाळेतल्या चाचणीत बॅटवरून सुटणारा चेंडू यापेक्षा वेगानं जाऊ नये. मैदानावर तपासायला दाबयंत्र आलं. बॅटचा फुगीर भाग यंत्रात दाबायचा. तो ठरल्यापेक्षा सहज दबला, तर बॅट बाजूला.

आता खरा प्रश्न. एवढा खटाटोप कशासाठी, दोन-चार होमरन जास्त झाल्या तर काय बिघडलं? मी जरा हिशेब मांडतो. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर ४३ फुटांवरून, म्हणजे सुमारे १३ मीटरवरून चेंडू टाकते. ताशी १५८ किलोमीटरनं परत आलेला चेंडू तिच्यापर्यंत पोचायला साधारण ०.३० सेकंद लागतो. चेंडू १० टक्के वेगवान झाला, तर ०.२७ सेकंद. फरक तीन शतांश सेकंदाचा, तुम्ही म्हणाल एवढ्यानं काय होतंय? पण डोळ्यांनी बघून हात हलायलाच सुमारे दोन दशांश सेकंद जातो. तोंडासमोर हातमोजा आणायला तिच्याकडे खरा उरतो एक दशांश, आणि त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा तासलेल्या बॅटनं खाल्ला. त्या मुलीला हे माहीतच नाही. ती नेहमीच्या अंदाजानं उभी आहे. म्हणून मला वाटतं, बॅटमधली लबाडी फक्त धावांची चोरी नाही. समोरच्या माणसाची संमती न घेता त्याचा धोका वाढवणं आहे.

आपल्या मातीतलं एक उदाहरण देतो. बैलगाडा शर्यतीवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली ७ मे २०१४ ला. राज्यानं २०१७ मध्ये कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं तो कायदा वैध ठरवला. त्या अटींमध्ये काठी, चाबूक, विजेचा धक्का देणारी साधनं यांना बंदी आहे. का? बैल पळतो तो त्याच्या दमावर पळावा, त्याला दिलेल्या वेदनेवर नको. आणि ज्याला इजा होणार तो बोलू शकत नाही, म्हणून नियमानं त्याच्या वतीनं बोलायचं. मैदानावरची पिचर किंवा गोलंदाज बोलू शकतात, हे खरं. पण बॅटच्या आत काय आहे हे त्यांना माहीतच नसेल, तर त्या काय बोलणार?

आणखी एक प्रसंग. ३ जून २००३, शिकागो. बेसबॉलचा मोठा तारा सॅमी सोसा याची बॅट फुटली आणि आतून बुचाचं लाकूड बाहेर आलं. त्याच्या इतर ७६ बॅटांचे एक्स-रे काढले, त्या स्वच्छ निघाल्या. सरावाची बॅट चुकून आली असं तो म्हणाला. सात सामन्यांची बंदी झाली. नंतर शास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं, की बूच भरल्यानं चेंडू लांब जातच नाही! बॅट हलकी होते आणि लवकर फिरते, एवढंच. म्हणजे नाव गेलं, आणि फायदा म्हणावा असाही नाही. तरी बंदी योग्यच होती. काट्याखाली दगड ठेवणाऱ्याचा दगड हलका निघाला, म्हणून तो निर्दोष ठरत नाही.

आता घराकडे येऊ. मोठ्या क्रिकेटनं १ ऑक्टोबर २०१७ पासून बॅटची कड ४० आणि जाडी ६७ मिलिमीटरवर बांधली. २०२५ च्या आयपीएलमध्ये तर पंच मैदानातच माप काढून बॅट त्यातून घालून बघू लागले. नामांकित खेळाडूंच्या बॅटा अडकल्या आणि त्यांना दुसरी घ्यावी लागली. या सगळ्या कारभारापासून आपण फार लांब आहोत असंही नाही. बारामतीचे शरद पवार २०१० ते २०१२ या काळात आयसीसीचे अध्यक्ष होते. बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर रणजीचा सामना झालाय.

पण आपली पोरं खेळतात ती मुख्यतः टेनिस बॉलवर. ऊस तुटला की मोकळ्या रानात, नाहीतर शाळेच्या पटांगणावर. स्पर्धेच्या पत्रकावर बक्षीस ठळक छापतात, षटकं छापतात, चेंडू कुठला तेही छापतात. बॅटबद्दल बहुतेक वेळा काहीच नसतं. टेनिस बॉलच्या बॅटा मागून कोरलेल्या असतात. वजन कमी, कड जाड. ते उघड दिसतं, सगळ्यांना मिळतं, त्यात गैर काही नाही. पण नियमच नसेल, तर उद्या कुणी थॉमस व्हाइट येईल आणि त्याला दोष देता येणार नाही. मग भांडण होईल, तेही अंतिम सामन्यात, बक्षीस समोर असताना.

मघाशी एकानं विचारलं, ‘सर, ज्याच्याकडे महागाची बॅट आहे त्याचा फायदा होतोच की, तो कुठं मोजता?’ रास्त प्रश्न आहे. नियम गरिबी-श्रीमंती पुसत नाही. तो एक मर्यादा घालतो, की पैसा कितीही असो, बॅट याच्यापुढे जाणार नाही. आणि त्या मर्यादेचा सगळ्यात जास्त उपयोग ज्याच्याकडे एकच बॅट आहे त्यालाच होतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. गावातल्या सुताराकडून प्लायवूडचं एक माप करून घ्या. रुंदी १०८ मिलिमीटर ठेवा. कड आणि जाडी टेनिसच्या बॅटा बघून तुमच्या समितीनं स्पर्धेआधी ठरवा आणि पत्रकावर छापा. नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कप्तानांनी एकमेकांच्या बॅटा त्यातून घालून बघायच्या. पंचांनी नाही, कप्तानांनी. धातूची किंवा आतून पोखरलेली बॅट नको, हेही लिहा. आत दडलेलं सगळं या मापानं सापडणार नाही, हे मला मान्य आहे. पण माप टेबलावर ठेवलेलं दिसलं, की इथं बघणारं कुणीतरी आहे हे सगळ्यांना कळतं.

आणि हे काम यंदा जिंकलेल्या संघानं पुढं होऊन करावं. हॅम्बल्डनवाल्यांनी तेच केलं होतं, एका धावेनं जिंकून.