झिगफेल्डचा जिना

आपल्या सँडो बनियनमधला सँडो हा खराखुरा माणूस होता. युजेन सँडो, जर्मन पहिलवान. 1893 साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा फ्लोरेन्झ झिगफेल्ड नावाच्या तरुणाने त्याला रंगमंचावर आणलं. वजनं वगैरे तो उचलायचाच. पण झिगफेल्डने शहरातल्या बड्या घरच्या बायकांना त्याचे दंड चाचपून बघायला बोलावलं आणि गावभर चर्चा झाली. माणूस नुसता उभा राहिला तरी तिकिटं खपतात, हे झिगफेल्डने तिथेच हेरलं असावं. 'द ग्रेट झिगफेल्ड' हा 1936चा चरित्रपट सुरू होतो तोही याच प्रदर्शनापासून.

1907 मध्ये झिगफेल्डने न्यूयॉर्कला पॅरिसच्या धर्तीवर 'फॉलीज' नावाचे नाच-गाण्यांचे प्रयोग काढले. पहिल्या वर्षीचा खर्च सुमारे 13 हजार डॉलर. पुढे कपड्यांचा थाट वाढत गेला आणि अडचण झाली. डोक्यावर हातभर उंचीचा तुरा, मागे लांबलचक झोळ. अशा वेशात मुलगी नाचणार कशी? आणि निवड रूपावर झालेल्या बऱ्याचजणींना नाच येत होताच असंही नाही. यावर तोडगा म्हणजे जिना. व्हिएन्नाहून आलेले नेपथ्यकार जोसेफ अर्बन यांनी पायऱ्या उभारल्या आणि नेड वेबर्न यांनी मुलींना त्या उतरायला शिकवलं: हनुवटी वर, नजर समोर, पायांकडे बघायचं नाही. पायऱ्यांमुळे शेवटच्या रांगेतल्यालाही मुलगी नखशिखान्त दिसे, झोळ मागे पसरत येई. उतरणं हाच कार्यक्रम झाला.

1919च्या फॉलीजमध्ये एकेक मुलगी एकेका अभिजात सुरावटीचं रूप घेऊन यायची. या सगळ्यांना ओवायला दोरा हवा, म्हणून आयर्विंग बर्लिन यांनी सुंदर मुलीला सुरावटीची उपमा देणारं एक गाणं रचलं. दोराच पुढे हारापेक्षा गाजला.

झिगफेल्ड 1932 मध्ये गेला तो डोक्यावर कर्ज ठेवून. ते फेडायला त्याची बायको, अभिनेत्री बिली बर्क, हिने त्याच्या जीवनकथेचे हक्क विकले. युनिव्हर्सल स्टुडिओने त्यावर हाती घेतलेला तो चरित्रपट त्यांना झेपेना, तेव्हा तो एमजीएमकडे गेला. आणि एमजीएमने बर्लिनच्या त्या एका गाण्यासाठी जे उभं केलं ते बघाच! चक्री जिन्याचा प्रचंड मनोरा, सजवलेल्या मखरासारखा. 175 पायऱ्या, 100 टन वजन, दीडशेहून अधिक कलाकार आणि शेंड्यावर व्हर्जिनिया ब्रूस. या एका सेटचा खर्च सव्वादोन लाख डॉलरच्या घरात. गाण्यात मध्येच गर्श्विनची 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' वाजते; ती 1924ची, पण एवढ्या थाटात साल कोण विचारतो!

मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. फॉलीजमध्ये जिना स्थिर असायचा आणि मुली उतरायच्या. इथे बहुतेकजणी आपापल्या पायरीवर बसून किंवा उभ्या आहेत, आणि जिनाच फिरतो. प्रेक्षक खुर्चीला खिळलेला होता तोवर मुलीला त्याच्याकडे यावं लागे. आता कॅमेराच वर चढत जातो, तिने हलायचं कारण उरलं नाही. पायथ्याशी गाणारा देखणा गडी स्टॅन्ली मॉर्नर, तोही फक्त ओठ हलवतो. आवाज ॲलन जोन्सचा. मॉर्नर स्वतः उत्तम गायचा, हे विशेष.

चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्यात झिगफेल्डची पहिली बायको झालेल्या लुईझ रेनरलाही अभिनयासाठी मिळालं. तिचा सगळ्यात गाजलेला प्रसंग मात्र टेलिफोनवरचा. घटस्फोटित नवऱ्याला त्याच्या नव्या लग्नाबद्दल ती हसऱ्या आवाजात शुभेच्छा देते आणि डोळ्यांतून पाणी वाहत असतं. तिथे ना जिना, ना तुरा. तिसरं ऑस्कर सेमूर फेलिक्सला, त्या मनोऱ्यावरच्या गाण्याच्या नृत्य-दिग्दर्शनासाठी. ते पारितोषिक अकादमीने तीनच वर्षं दिलं आणि मग बंद केलं.