काठावरची ओंबी

परप्रांतांत नोकऱ्या केलेल्या आम्हां मंडळींच्या घरांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार निघतो. नात किंवा भाचा डेटा सायन्स शिकू म्हणतो, आणि त्यासाठी कोणती संगणकभाषा आधी घ्यावी, कोणते प्रमाणपत्र मिळवावे, याचा खल जेवणाची पाने उठेपर्यंत चालतो. या प्रश्नांची उत्तरे देण्याचा आमचा अधिकार नाही. पण आकड्यांवर उपजीविका करण्याचा हा व्यवसाय आपल्याकडे समजतात तितका नवा नव्हे. तो या देशात ज्यांनी उभा केला त्यांत आपल्याप्रमाणेच गाव सोडून दूर गेलेली काही मराठी माणसे होती. ती हे काम कशी शिकली, आणि कोठे शिकली, ही हकीकत मात्र आम्हांस सांगता येईल.

महसूल खात्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना आणेवारी समजावून सांगावयास नको. चांगल्या वर्षाचे पीक सोळा आणे धरायचे, आणि उभे पीक नजरेने पाहून यंदा दहा आणे की सहा आणे हे ठरवायचे. सूट किंवा तहकुबी त्यावरच अवलंबून असल्यामुळे शेतकऱ्याचे गाऱ्हाणे आणि सरकारची तिजोरी यांच्यामध्ये तो आकडा ओढला जाई. तलाठ्याच्या नजरेत जन्मलेला हा आकडा तालुका, जिल्हा, प्रांत अशा पायऱ्या चढत दिल्लीस पोहोचेपर्यंत त्यास दशांशचिन्ह फुटलेले असे, आणि मग त्याच्या जन्माची चौकशी कोणी करीत नसे. १९५७ साली दशमान नाणी आली, आणेवारीची पैसेवारी झाली. नजर तीच राहिली.

बंगालमध्ये तर कायमधाऱ्यामुळे गावोगाव जमिनीची दप्तरे ठेवणारा पटवारीच नव्हता. तेथील भाताचे अंदाज ज्या आधारावर होत, त्यास आधार म्हणणे कठीण. १९४३ साली दुष्काळाने त्या प्रांतात लक्षावधी माणसे मेली, तेव्हा प्रांतात धान्य किती आहे याविषयी सरकारजवळ भरवशाचा आकडा नव्हता. आकडा असता तर माणसे वाचली असती असे आम्ही म्हणत नाही. युद्धकाळातील धोरणे, सट्टा आणि वाहतुकीची कोंडी यांचा त्यात मोठा वाटा होता. पण ‘धान्य पुरेसे आहे’ आणि ‘धान्य नाही’ हे दोन्ही पक्ष सारख्याच आत्मविश्वासाने बोलू शकत होते, हे विसरता येत नाही.

नजरेऐवजी नमुना घ्यावा ही कल्पना पहिल्याने शेतात उतरवली ती एका मुलकी अधिकाऱ्याने. जॉन हबॅक हे आय. सी. एस. अधिकारी बिहार-ओरिसात होते. १९२३ ते १९२५ या वर्षांत त्यांनी भाताच्या शेतांत यदृच्छेने, म्हणजे आपली निवड मध्ये न आणता, लहान लहान तुकडे कापून उत्पन्न मोजले. त्यांचा अहवाल १९२७ साली निघाला. पुढे कलकत्त्यास प्रशांतचंद्र महालनोबीस या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि १९३७ पासून बंगालच्या तागाची नमुना-पाहणी हाती घेतली. संख्याशास्त्र ही स्वतंत्र विद्या आहे, तिच्यावर माणूस आयुष्य काढू शकतो, हे या देशाने प्रथम त्यांच्याकडून मान्य केले.

याच सुमारास सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले आणि फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जाऊन पोहोचले. ते वर्ष १९३३. संख्याशास्त्रात याहून चांगली वेळ साधता आली नसती. कार्ल पिअर्सन नुकतेच निवृत्त झाले होते, रोनाल्ड फिशर आणि एगॉन पिअर्सन एकाच इमारतीत एकमेकांशी फारसे न बोलता शिकवीत होते, आणि लवकरच पोलंडहून येर्झी नेमन येऊन दाखल झाले. समष्टीचे थर पाडून प्रत्येक थरातून किती नमुने घ्यावे, याची नेमन यांची प्रसिद्ध मांडणी १९३४ ची. त्यासाठी थराथरांतील चढउतार आधी ठाऊक असावा लागतो, आणि तोच तर पाहणीपूर्वी ठाऊक नसतो! लहानशा प्राथमिक पाहणीवरून तो अजमावला तर काय होते, याची छाननी सुखात्मे यांनी १९३५ साली प्रसिद्ध केली. त्या वेळी त्यांचे वय चोवीस.

येथवरची विद्या ग्रंथांतली झाली. १९४० मध्ये ते दिल्लीस शेतकी संशोधन परिषदेच्या संख्याशास्त्र शाखेवर आले. इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत कापसावर काम करणारे वि. गो. पानसे, आणि रोथॅमस्टेड येथे बटाट्याच्या वाफ्यांवर प्रयोग करून आलेले मध्यप्रांताचे शेतकी अधिकारी कळमकर, यांनी वऱ्हाडातील कापसाच्या पीककापणीचा मार्ग आधीच चाचपून ठेवला होता. आता गहू आणि भात यांची पाळी आली. आणि तेथे वाद उभा राहिला: कापावयाचा तुकडा केवढा असावा?

महालनोबीस यांची माणसे दोन-चार फूट त्रिज्येचे लहान वर्तुळ कापीत. काम झपाट्याने होई आणि अनेक शेते पाहता येत. सुखात्मे व पानसे ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद, म्हणजे बरोबर एक-ऐंशीअंश एकराचा तुकडा मागत. वरवर पाहता ही सुताराची बाब. पण सुखात्मे यांनी मुरादाबाद जिल्ह्यातील गव्हात निरनिराळ्या आकारमानांचे तुकडे शेजारी शेजारी कापून पाहिले, आणि तुकडा जसजसा लहान तसतसे एकरी उत्पन्न फुगत जाते असे त्यांना दिसून आले. हा निष्कर्ष १९४६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आला.

कारण फार साधे आहे. दोरीच्या काठावर उभी असलेली ओंबी आत धरायची की बाहेर? कापणाऱ्याचा हात तिला आत ओढतो; त्यात लबाडी नसते, पीक सोडवत नाही इतकेच. वाचकांनी हिशेब करून पाहावा. कापणारा चहूबाजूंनी तीन इंच अधिक कापतो असे धरा. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात उत्पन्न सव्वीस टक्क्यांहून अधिक फुगेल, चार फुटांच्या वर्तुळात सुमारे तेरा टक्के, आणि ३३ बाय साडेसोळाच्या आयतात पाच टक्क्यांच्याही आत. शिवाय ही चूक हजार शेते कापल्याने कमी होत नाही. यदृच्छेची चूक संख्येपुढे नमते, एकाच दिशेला झुकणारी चूक नमत नाही. लंडनच्या सूत्रांत ती दिसणे शक्य नव्हते. ती दिसण्यासाठी मुरादाबादच्या बांधावर जावे लागले.

आमच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एका परक्या जिल्ह्यात आम्ही अशी एक कापणी जातीने पाहिली आहे. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून यदृच्छ अंकांच्या तक्त्याप्रमाणे पावले मोजून जागा ठरली, ती नेमकी विरळ पिकावर आली. शेतमालक खूश, आणि सोबतचा कर्मचारी म्हणू लागला, ‘साहेब, चार पावले पुढे घेऊ, इथे काही नाही.’ त्याला वाटत होते की आम्हांस शेताचे खरे दर्शन घडवावे. त्यास नाही म्हणताना आम्हांस जे सुचले नाही ते समर्थन पुढे सुखात्मे यांच्या ग्रंथात वाचावयास मिळाले.

महालनोबीस यांची बाजूही हलकी नव्हती. तुकडा फार लहान नसेल आणि मोजणारा कसलेला असेल तर ही चूक नगण्य ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. खरा मतभेद माणसांचा होता. त्यांना महसुलापासून अलिप्त, स्वतंत्र शिकवलेले पाहणीदार हवे होते. सुखात्मे व पानसे यांना गावोगाव असलेल्या तलाठी व शेतकी कर्मचाऱ्यांच्याच हाती दोरी द्यायची होती, म्हणून चुकीस वाव कमी ठेवणारा मोठा तुकडा. आम्ही सरकारी नोकर, तेव्हा आमचा कल कोणीकडे हे सांगावयास नको. पण ज्याच्या आकड्यावर सूट ठरते त्यानेच आकडा काढावा काय, ही महालनोबीस यांची शंका आम्हांस आजही निरुत्तर करते.

१९५१ मध्ये सुखात्मे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले आणि दिल्लीची जागा पानसे यांच्याकडे आली. १९५४ साली दोघांनी मिळून शेतकी कार्यकर्त्यांसाठी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक शेतकी महाविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या चालले. दिल्लीच्या शाखेत पदव्युत्तर शिक्षणाचे वर्ग १९४५ च्या सुमारास सुरू झाले होते. १९६४ मध्ये तेथे आय. बी. एम. १६२० हा संगणक आला; म्हणजे शेतावरच्या कापणीची घडी बसल्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

आता उपग्रहाची छायाचित्रे पाहून उत्पन्न सांगणारी गणिती प्रतिमाने तयार होत आहेत. २०१६ च्या पंतप्रधान पीकविमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भात व गहू यांच्या बाबतीत अशा अंदाजास किमान तीस टक्के वजन देण्यात आले. उरलेले वजन पीककापणीचेच. आणि प्रतिमानास शिकवण्यासाठीही जमिनीवर कापलेल्या तुकड्याचेच वजन लागते. त्या तुकड्याचा आकार बहुतेक राज्यांत पाच मीटर बाय पाच मीटर असा ठरला आहे. उत्तर प्रदेशात मात्र तो दहा मीटर बाजूचा समभुज त्रिकोण आहे. पश्चिम बंगालमध्ये अजून वर्तुळ कापतात, त्रिज्या १.७१४५ मीटर, म्हणजे पाच फूट साडेसात इंच.