दूरशिक्षण आणि श्रोत्यांचा कौल

दूर बसलेल्या माणसाला शिकवण्याची कला जुनी आहे. पण आपण शिकवले ते त्याच्यापर्यंत पोचले की नाही, हे जाणून घेण्याची कला मात्र अजून बाल्यावस्थेतच आहे. वर्गातल्या शिक्षकासमोर चेहरे असतात. एखाद्या मुलाच्या कपाळाला आठी पडली, मागच्या बाकावर कुजबूज सुरू झाली, की तो थांबतो आणि तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगतो. रेडिओवरून बोलणाऱ्या वक्त्याला, किंवा आज ऑनलाइन अभ्यासक्रमातून हजारोंना शिकवणाऱ्या अध्यापकाला ही सोय नाही. त्याच्यासमोर भिंत असते. त्या भिंतीपलीकडचे उत्तर कसे आणावे, आणि आणल्यावर त्याचे करावे काय, हा आजचा प्रश्न आहे. त्याचे एक चांगले उत्तर आपल्याच मराठी मुलखात १९५६ साली शोधले गेले होते. त्याची आठवण करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या उत्तराचा उगम कॅनडात आहे. १९४१ साली तेथील नभोवाणी, शेतकऱ्यांचा महासंघ आणि प्रौढशिक्षणाची संस्था या तिघांनी मिळून शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे देशभर सुरू केली. सोमवारी संध्याकाळी शेजारीपाजारी कोणाच्या तरी घरी जमत, आगाऊ आलेले छापील टिपण वाचत, कार्यक्रम ऐकत, त्यावर वाद घालत आणि आपले मत लिहून प्रांताच्या कार्यालयाकडे धाडत. 'वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा' हे त्यांचे ब्रीद होते. मंडळांनी धाडलेल्या मतांचा गोषवारा पुन्हा रेडिओवरून सांगितला जाई. म्हणजे एकतर्फी बोलणाऱ्या यंत्राला त्यांनी कानही दिले. या उपक्रमाची पाहणी युनेस्कोने १९५४ साली प्रसिद्ध केली, आणि साहजिकच पुढचा प्रश्न निघाला : जेथे बहुसंख्य श्रोत्यांना टिपण वाचता येत नाही, तेथे हे चालेल काय?

त्याची परीक्षा पुण्यात झाली. पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले होते. त्याच केंद्रावरून १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलअखेरपर्यंत, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे २० कार्यक्रम प्रसारित झाले. त्या वेळच्या मुंबई राज्यातील मराठी भाषक पाच जिल्ह्यांतली १५० गावे या प्रयोगासाठी निवडली होती. प्रत्येक गावी सुमारे २० जणांचे मंडळ, त्याचा एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. ब्रीदातला 'वाचा' हा पहिला शब्द गळाला. बाकीचे तीन राहिले.

येथपर्यंत केवळ अनुकरण झाले. आमच्या मते प्रयोगाचे खरे मोल पुढे आहे. मंडळांतून काय घडते हे कळण्यासाठी एकाच वाटेवर विसंबून राहिले नाहीत. पहिली वाट चिटणिसांच्या अहवालांची. दुसरी वाट मंडळांनी पाठवलेल्या प्रश्नांची. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. तिसरी वाट निरीक्षकांची. ते बैठकींत जाऊन बसत आणि कोण बोलतो, कोण गप्प राहतो हे टिपत. चौथी वाट मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केलेल्या चाचणीची. पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली सभासदांच्या मुलाखती कार्यक्रमांपूर्वी आणि नंतर घेतल्या गेल्या. तसेच प्रश्न मंडळ नसलेल्या गावांतही विचारले गेले : काही गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, काहींत रेडिओही नव्हता.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी म्हणेल. लोकांना कार्यक्रम आवडला की नाही हे विचारले असते तर भागले नसते काय? नसते भागले, कारण प्रत्येक साक्षीदाराची नजर एका बाजूला कललेली असते. चिटणीस आपल्या मंडळाचे गुण सांगणार. प्रश्न पाठवणारा हा मुळातच उत्साही माणूस. जो कंटाळला तो पत्र कशाला पाठवील? निरीक्षक समोर बसला की सभा जरा सावरून बसते. चाचणीवरून ज्ञान किती वाढले हे कळते, पण का वाढले ते कळत नाही. चार साक्षी एकमेकींशी ताडून पाहिल्या म्हणजेच सत्याच्या जवळ जाता येते. न्यायाधीश हेच करतो, इतिहासकारही हेच करतो. शिक्षकाने मात्र एका साक्षीवर निकाल द्यावा, हे कोणत्या न्यायाने?

आता निकाल पाहू. मंडळे असलेल्या गावांत सभासदांचे ज्ञान ठळकपणे वाढले. मंडळ नसलेल्या गावांत, रेडिओ असूनसुद्धा, फारसा फरक पडला नाही. ही तुलना केली नसती, तर सारे श्रेय यंत्राला मिळाले असते. शिवाय ही मंडळे पाहता पाहता गावाचे निर्णय घेऊ लागली. विहिरी खणल्या गेल्या, जातिवंत वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या आणल्या गेल्या, बालवाड्या निघाल्या.

या यशामुळे १९५९ पासून योजना देशभर नेण्यात आली आणि मंडळांची संख्या हजारांत गेली. परंतु संख्या वाढली त्या मानाने देखरेख वाढली नाही. पुण्याच्या प्रयोगात दर मंडळामागे जी जिवंत विचारपूस होती, ती एवढ्या पसाऱ्यात टिकणे कठीणच होते. मंडळ कागदावर असणे आणि मंडळाचा आवाज केंद्रापर्यंत पोचणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मोठ्या योजनेत प्रथम पातळ होते ते ऐकणे. बोलणे शेवटपर्यंत चालूच राहते.

आज ऑनलाइन अभ्यासक्रमांचा पसारा त्याहून कितीतरी मोठा आहे. २०११ साली स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरील अभ्यासक्रमाला सुमारे १,६०,००० जणांनी नावे घातली. तो पुरा करणारे सुमारे २३,००० निघाले. आपल्याकडे २०१७ साली 'स्वयम्' सुरू झाले. येथे माहितीचा दुष्काळ नाही : कोणी कोणता पाठ किती मिनिटे पाहिला, कोठे थांबवला, याची नोंद यंत्र आपोआप ठेवते. परंतु माणूस तेथे थांबला तो कंटाळून, न समजून, की घरात पाहुणे आले म्हणून, हे त्या नोंदीत नसते. अभ्यासक्रमाच्या शेवटी पसंतीचा तक्ता येतो, आणि तो भरतात शेवटपर्यंत टिकलेले लोक. वाटेत गळालेल्यांचे मत विचारायला कोणी जात नाही. वस्तुतः सर्वांत जास्त शिकवण्यासारखे त्यांच्याचजवळ असते.

शिवाय पसंती म्हणजे शिकणे नव्हे. विद्यार्थ्यांनी शिक्षकांना दिलेले गुण आणि विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष शिकणे यांवरील अनेक पाहण्या एकत्र ताडून बॉब उट्ल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले, की या दोहोंत म्हणण्यासारखा संबंध आढळत नाही. हार्वर्डच्या पदार्थविज्ञानाच्या वर्गांवरील २०१९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तर अधिक बोलका आहे : ज्यांना स्वतः धडपडून उदाहरणे सोडवावी लागली ते अधिक शिकले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले, सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांचे नेमके उलट झाले. आम्हां व्याख्यात्यांनी टाळ्या ऐकताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

म्हणून विद्यार्थ्याचे मत टाकून द्यावे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ते घ्यावेच, पण त्याच्या शेजारी चाचणीचा निकाल ठेवावा, उत्तरे तपासणाऱ्या सहायक शिक्षकाचा अनुभव ठेवावा, दुसऱ्या विद्यापीठातील विषयतज्ज्ञाचे परीक्षण ठेवावे, आणि मध्येच सोडून गेलेल्या दहा जणांशी तरी समक्ष बोलावे. जेथे या साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत, तेथेच अभ्यासक्रमाचे दुखणे असते. आणि दुखणे कळल्यावर पुढचा पाठ बदलला पाहिजे. अमुक गावाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच हंगामात रेडिओवरून येत असे, म्हणून माणसे पुन्हा प्रश्न विचारीत. ज्या अभिप्रायाने काहीच बदलत नाही, तो देणे लोक लवकरच सोडतात, आणि त्यांचे ते सोडणे शहाणपणाचे असते.

पुण्याचा प्रयोगही निर्दोष नव्हता. त्या मंडळांतून पुरुषांचाच आवाज प्रामुख्याने उमटला. ज्यांच्या हाती गावाचे पाणी, चूल आणि मुलांचे आरोग्य होते, त्या बायका बहुतांशी बाहेरच राहिल्या. अभिप्राय कितीही वाटांनी आला, तरी मंडळात ज्यांना जागाच मिळाली नाही त्यांचा कौल त्यात येत नाही. आजच्या अभ्यासक्रमाची परीक्षा करणाऱ्याने हाच प्रश्न आधी विचारावा : जे बोलले ते कळले, जे आलेच नाहीत त्यांना कोणी विचारले काय?