अर्नाळा बेटावरच्या बाया

आठवडी बाजारातून आपण सुके बोंबील आणतो, तव्यावर भाजतो, भाकरीसंगं खातो. परभणीहून समुद्र लांब, पण ते कुणीतरी वाळवलेले असतात. म्हणून आज आम्ही महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या उत्तर भागातलं एक बेट निवडलं आहे, पालघर जिल्ह्यातलं अर्नाळा.

वैतरणा नदी समुद्राला मिळते तिथं हे छोटं बेट आहे. जायचं ते होडीनं. नदीच्या तोंडाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांवर नजर ठेवता यायची. चारी बाजूंनी खारं पाणी, तरी किल्ल्यात गोड पाण्याचं तळं आहे. म्हणून या जागेवर सगळ्यांचाच डोळा. १५१६ मध्ये गुजरातच्या सुलतानानं इथं किल्ला बांधला, मग पोर्तुगीज आले. १७३७ मध्ये मराठ्यांनी बेट जिंकून किल्ला नव्यानं उभारला. दारावरच्या शिलालेखात बाजीरावांचं नाव आहे. शेवटी इंग्रज आले.

राज्यं बदलली, कोळी वस्ती तिथंच आहे. पुरुष समुद्रावर जातात. मासळी किनाऱ्याला लागली की पुढचं काम बायांचं. निवडायची, बोंबील जोडीजोडीनं दोरीवर लटकवून वाळवायचे, टोपली घेऊन होडीनं पलीकडं जायचं, बाजारात भाव करायचा. घर त्या पैशावर चालतं. शिलालेखात मात्र त्यांच्यासाठी एक ओळ नाही.

१८ जून २०२५ ला ‘अर्नाळा’ नावाची युद्धनौका नौदलात आली. किल्ल्याच्या नावाचा मान झाला. त्याच बेटाचा किनारा मात्र भरतीच्या लाटा कुरतडत आहेत, घरांपर्यंत पाणी येतं.

पाण्यात घर जाणं आपल्याला नवं नाही. पूर्णेवर येलदरी धरण झालं तेव्हा गावं पाण्याखाली गेली. धरणाचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या गावांतल्या बायांनी चूल कुठं हलवली, नवं पाणी कुठून भरलं, हे कुणी लिहिलं?

ते आपणच लिहू. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हिशेबाच्या वहीची मागची चार पानं मोकळी ठेवा. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीला बोलवा, तिला विचारा आणि नाव-गावासकट लिहून घ्या. दगडावर नाही, तर निदान वहीत तरी आपलं नाव राहील.