पदवीचा हिशोब : आदिलाबाद जिल्ह्यातील पदवी-पूर्तता नोंदींचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पदवीचे प्रमाणपत्र विद्यापीठ देते. परंतु त्या प्रमाणपत्रास विद्यार्थी पात्र झाला किंवा नाही, हा हिशोब कोणी, केव्हा व कोणत्या कागदावर मांडावा, या प्रश्नाकडे महाविद्यालयीन अध्यापकांचे लक्ष क्वचितच जाते. पाश्चात्त्य विद्यापीठांत या हिशोबाच्या कागदास 'डिग्री ऑडिट रिपोर्ट' म्हणतात. मराठीत त्यास 'पदवी-पूर्तता पत्रक' म्हणता येईल. पदवीसाठी काय आवश्यक आहे, त्यापैकी काय पूर्ण झाले व काय बाकी आहे, या तीन गोष्टी या पत्रकात एकत्र मांडलेल्या असतात. गुणपत्रिका केवळ मागे काय घडले ते सांगते, तर हे पत्रक पुढे काय करावयाचे आहे ते दाखविते. आदिलाबाद जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासात अशा पत्रकाची गरज कशी निर्माण झाली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उस्मानिया काळ : ठरलेला अभ्यासक्रम

हैदराबाद संस्थानात १८८७ साली स्थापन झालेले निजाम कॉलेज मद्रास विद्यापीठाशी संलग्न होते. पदवीचे नियम मद्रासला ठरत आणि परीक्षाही त्याच विद्यापीठाच्या असत. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि उर्दू हे उच्च शिक्षणाचे माध्यम झाले. त्यासाठी १९१७ मध्येच दारुत्तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग, सुरू करण्यात आला होता. माध्यम उर्दू असले तरी इंग्रजी हा विषय सर्वांना सक्तीचा होता. शिवाय मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी दीनियात व इतरांसाठी अखलाकियात अशी सोय होती. पदवीसाठी 'काय आवश्यक आहे' हे सर्व विद्यार्थ्यांच्या बाबतीत अगदी सारखे नव्हते, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. तथापि प्रत्येक गटासाठी विषय ठरलेले होते. निवडीस वाव थोडा असल्याने हिशोबही सोपा होता.

१९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानियात उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. माध्यम बदलले, परंतु ठरलेल्या विषयांची चौकट कायम राहिली.

१९५६ : एका जिल्ह्याच्या दोन वाटा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अमलात आली. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. याउलट नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा व कुभेर ही मंडळे आंध्र प्रदेशात येऊन आदिलाबादशी जोडली गेली. मराठी व उर्दू बोलणारी वस्ती पैनगंगेच्या दोन्ही काठांवर राहिली, परंतु तिची विद्यापीठे वेगळी झाली. किनवटकडील विद्यार्थी १९५८ साली औरंगाबादेत स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत आला व १९९४ नंतर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या. आदिलाबादची महाविद्यालये प्रथम उस्मानियाशी व १९७६ नंतर वरंगळच्या काकतीय विद्यापीठाशी निगडित झाली.

परिणामी मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावरील दोन स्थानकांच्या दरम्यान पदवीचे नियम बदलू लागले. द्वितीय भाषा कोणती, तिचे प्रश्नपत्र किती, उत्तीर्णतेची अट कोणती, ही उत्तरे विद्यापीठागणिक वेगळी झाली. शिक्षणाच्या मध्यावर राज्य बदलणाऱ्या विद्यार्थ्याचा हिशोब कोणत्याही एका विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत पूर्ण दिसत नाही.

वार्षिक पद्धतीत मात्र ही उणीव फारशी जाणवत नसे. बी.ए.चे स्वरूप ढोबळमानाने इंग्रजी, द्वितीय भाषा व तीन ऐच्छिक विषय असे होते. तीन वर्षांच्या तीन गुणपत्रिका समोर ठेवल्या की कोणता पेपर राहिला हे कोणालाही दिसे. गुणपत्रिका हेच पूर्तता पत्रक होते. त्यामुळे अध्यापकाने शिकवावे व नियमांचे कार्यालयाने पाहावे, अशी कामाची विभागणी रूढ झाली. नियम बदलल्यावरही ही सवय टिकून राहिली, आणि आजच्या अडचणीचे मूळ येथेच आहे.

निवड आली, हिशोब आला

जेथे निवड आली तेथे हिशोबाचा कागदही आला, हे अमेरिकेच्या अनुभवावरून दिसते. १८६९ मध्ये चार्ल्स एलियट हार्वर्डचे अध्यक्ष झाले व त्यांनी ऐच्छिक विषयांची पद्धत वाढविली. प्रत्येक विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम निराळा होऊ लागल्यावर निरनिराळे विषय एका मापाने मोजण्यासाठी श्रेयांकाची, म्हणजे क्रेडिटची, कल्पना रुजली. पुढे १९८० च्या दशकात ओहायो राज्यातील मायामी विद्यापीठात विकसित झालेली संगणकीय प्रणाली अनेक विद्यापीठांनी स्वीकारली. प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद पदवीच्या नियमांशी ताडून पाहणे हे तिचे काम होते.

आपल्याकडे हा टप्पा उशिरा आला. तेलंगणात २०१६-१७ पासून पदवी स्तरावर निवडाधारित श्रेयांक पद्धती लागू झाली. त्याच वर्षी 'दोस्त' ही ऑनलाइन प्रवेशव्यवस्थाही सुरू झाली. वार्षिक परीक्षांची जागा सहा सत्रांनी घेतली. मुख्य विषयांबरोबर भाषा, कौशल्य, पर्यावरण असे वेगवेगळे गट आले आणि तीन गुणपत्रिकांच्या जागी सहा झाल्या. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल व कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. मुधोळ व भैंसा निर्मल जिल्ह्यात गेले. महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांतून २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम सुरू झाल्याने पैनगंगेच्या दोन काठांवरील नियमांतील अंतर पुन्हा वाढले.

बेरीज पुरते, पदवी पुरत नाही

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला. त्यानुसार तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक लागतात. त्यांपैकी मुख्य विषयास ६०, दुय्यम विषयास २४, बहुविद्याशाखीय विषयांस ९, भाषा व संवादक्षमतेस ८, कौशल्यास ९, मूल्यवर्धित विषयांस ६ ते ८ व उन्हाळी प्रशिक्षणास २ ते ४ श्रेयांक आहेत. प्रत्यक्ष आकडे ज्या त्या विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे बदलतात, परंतु तत्त्व सर्वत्र एकच आहे.

समजा, एखाद्या विद्यार्थिनीने १२० श्रेयांक मिळविले. त्यांत मुख्य विषयाचे ६४ आहेत आणि भाषेचे ४. बेरीज बरोबर आहे, तरीही पदवी मिळणार नाही, कारण मुख्य विषयाचे जादा ४ श्रेयांक भाषेच्या रकान्यात जमा होत नाहीत. आदिलाबादसारख्या सीमाभागात तेलुगू, उर्दू, मराठी व गोंडी या भाषा एकाच वर्गात एकत्र येतात. शाळेत मराठी किंवा उर्दू शिकलेला विद्यार्थी महाविद्यालयात कोणती भाषा घेतो, ती मध्येच बदलतो काय, हे प्रश्न येथे नित्याचे आहेत. म्हणूनच चूक होण्याचा संभव भाषेच्या रकान्यात अधिक असतो.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या 'ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मुळे हा प्रश्न सुटला, असा समज होण्याची शक्यता आहे. विद्यार्थ्याच्या खात्यात श्रेयांक जमा होतात व एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत नेता येतात, ही सोय सीमाभागास निश्चितच उपयुक्त आहे. परंतु खात्यावरील शिल्लक व पदवीची पूर्तता या दोन भिन्न गोष्टी होत. कोणता श्रेयांक कोणत्या रकान्यात धरावयाचा, हे पदवी देणाऱ्या विद्यापीठाच्या नियमांवरून ठरते. त्यातही सर्वसाधारणपणे विद्यार्थ्याच्या प्रवेशवर्षाचे नियम पाहावे लागतात, चालू वर्षाचे नव्हे. १९९८ साली स्थापन झालेल्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठातून किंवा अन्य मुक्त विद्यापीठांतून दूरशिक्षणाने पदवी घेणाऱ्यांना तर हे समजावून सांगणारा अध्यापक रोज भेटत नाही.

पत्रक आणि अध्यापक

केवळ पत्रक हाती दिल्याने काम भागते काय? न्यूयॉर्क शहर विद्यापीठाच्या कम्युनिटी कॉलेजांत २००७ मध्ये 'असॅप' योजना सुरू झाली. तिच्यात आर्थिक साहाय्याबरोबरच विद्यार्थ्यास ठरावीक मार्गदर्शक देऊन त्याची वारंवार भेट घडवून आणली गेली. २०१५ च्या मूल्यमापनात योजनेतील सुमारे ४० टक्के विद्यार्थ्यांनी तीन वर्षांत पदविका पूर्ण केल्याचे आढळले, तर योजनेबाहेरील तुल्य गटात हे प्रमाण २२ टक्के होते. तेथे नोंद होतीच, तिला वेळेवर वाचणारा माणूस जोडला गेला, हे या उदाहरणातून घ्यावयाचे आहे.

आपल्या महाविद्यालयांत संगणकीय प्रणाली नसली तरी हे काम अडत नाही. एका कागदावर चार रकाने पुरेसे आहेत : गट, आवश्यक श्रेयांक, मिळालेले श्रेयांक व बाकी. कागदाच्या माथ्यावर प्रवेशाचे वर्ष लिहावे. नॅकच्या निकषांमुळे अनेक महाविद्यालयांत प्रत्येक अध्यापकाकडे काही विद्यार्थी मार्गदर्शनासाठी सोपविलेले असतात. त्या नोंदवहीतच हे पत्रक ठेवता येईल. प्रवेशानंतर लगेच, दुसऱ्या सत्राअखेर व पाचव्या सत्राचा अर्ज भरण्यापूर्वी, असे किमान तीन वेळा ते विद्यार्थ्यासमोर बसून वाचावे. सहाव्या सत्रात उणीव कळली तर ती भरून काढण्यास वेळ उरत नाही, आणि बी.एड. प्रवेशाची वा नोकरीच्या अर्जाची तारीख कोणासाठी थांबत नाही. पत्रक विद्यार्थ्याला कळेल त्या भाषेत समजावून सांगणेही तितकेच महत्त्वाचे आहे. या जिल्ह्यात ती भाषा कधी उर्दू, कधी मराठी, कधी तेलुगू असेल.

निष्कर्ष

मद्रास, उस्मानिया, काकतीय व नांदेड अशा विद्यापीठांच्या नियमांखाली या भूभागातील पिढ्या शिकल्या. जोवर अभ्यासक्रम ठरलेला होता, तोवर हिशोब कार्यालयाकडे सोपविणे चालण्यासारखे होते. निवडीचा अधिकार विद्यार्थ्याला मिळाल्यानंतर मात्र त्या निवडीचा परिणाम वेळीच दाखविण्याची जबाबदारी अध्यापकावर येते. घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलामुलींना नियमपुस्तक वाचून दाखविणारे घरी कोणी नसते. त्यांच्या बाबतीत चार रकान्यांचा हा कागद म्हणजे तीन वर्षांचे कष्ट वाया न जाण्याची हमी ठरू शकेल.