घरगुती प्रथिनवडी

घरगुती प्रथिनवडी हा डाळी, तेलबिया, तृणधान्ये, दुधाची पावडर व गूळ किंवा खजूर एकत्र बांधून घरी तयार केला जाणारा, वडीच्या आकाराचा पौष्टिक खाद्यपदार्थ आहे. बाजारात प्रोटीन बार या नावाने मिळणाऱ्या पदार्थाचे हे घरगुती रूप होय. महाराष्ट्रातील शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याची वडी, तिळाची वडी व डिंकाचे लाडू हे त्याचे जवळचे पारंपरिक नातेवाईक आहेत. अनेक प्रचलित कृती शेंगदाणे, बदाम किंवा काजू यांवर आधारलेल्या असतात. या पदार्थांची ॲलर्जी असलेल्या व्यक्तींसाठी हरभऱ्याचे डाळे, भोपळ्याच्या व सूर्यफुलाच्या बिया, राजगिरा आणि दुधाची पावडर वापरून शेंगदाणे व कवचफळे वगळलेली वडी करता येते. घटकांचे प्रमाण योग्य ठेवल्यास अशा वडीतील प्रथिने शेंगदाण्याच्या चिक्कीपेक्षा कमी नसतात.

## संज्ञा

मराठीत ‘सुकामेवा’ हा शब्द व्यापक अर्थाने वापरला जातो. त्यात बदाम, काजू, पिस्ते, अक्रोड यांबरोबर मनुका, खारीक व अंजीर यांचाही समावेश होतो. ॲलर्जीच्या संदर्भात मात्र पहिला गटच महत्त्वाचा असतो. या गटाला कवचफळे म्हणतात, तर बोलीभाषेत नट्स हा शब्द रूढ आहे. शेंगदाणा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने कवचफळ नसून हरभरा, तूर व सोयाबीन यांच्याप्रमाणे शिंबावर्गीय पीक आहे. तरीही त्याची ॲलर्जी तीव्र असू शकत असल्यामुळे कवचफळविरहित पदार्थांत शेंगदाणाही वगळण्याची पद्धत आहे. म्हणूनच ‘सुकामेवा घातलेला नाही’ एवढ्या माहितीवरून एखादी वडी सुरक्षित आहे असे ठरवता येत नाही.

## पार्श्वभूमी

भाजलेले दाणे किंवा लाह्या गुळाच्या पाकात बांधण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. संक्रांतीचा तीळगूळ, उपवासाचा राजगिऱ्याचा लाडू आणि लोणावळ्याची चिक्की ही तिची परिचित रूपे आहेत. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतील असून तो भारतात नंतर आला. तीळ व हरभरा यांची लागवड येथे त्याच्या कितीतरी आधीपासून होत आहे.

स्वस्त वनस्पतिजन्य प्रथिनांचे मिश्रण करण्याचा प्रयत्न भारतात संस्थात्मक पातळीवरही झाला. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्याच्या पेंडीचे पीठ ७५ भाग आणि हरभऱ्याचे पीठ २५ भाग या प्रमाणात, जीवनसत्त्वे व कॅल्शियम मिसळून, ‘बहुउद्देशीय अन्न’ नावाचे पूरक अन्न विकसित केले होते. खेळाडूंसाठीच्या बारचा प्रसार पाश्चात्त्य देशांत पुढे वाढला. १९८६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बाजारात आलेला पॉवरबार हा त्यातील एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

## घटक व त्यांतील प्रथिने

प्रति १०० ग्रॅम घटकामागे प्रथिनांचे स्थूल प्रमाण पुढीलप्रमाणे असते. वाण, ओलावा व प्रक्रिया यांनुसार त्यात फरक पडतो.

- सोयाबीन : ३६ ते ४० ग्रॅम
- साय काढलेल्या दुधाची पावडर : ३५ ते ३८ ग्रॅम
- भोपळ्याच्या सोललेल्या बिया : २५ ते ३० ग्रॅम
- शेंगदाणे : २४ ते २६ ग्रॅम
- हरभऱ्याचे डाळे : सुमारे २२ ग्रॅम
- सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया : २० ते २२ ग्रॅम
- बदाम, काजू, तीळ : १८ ते २१ ग्रॅम
- राजगिरा : १३ ते १४ ग्रॅम
- बाजरी : सुमारे ११ ग्रॅम
- खजूर : २ ते ३ ग्रॅम
- गूळ : २ ग्रॅमपेक्षा कमी

बदाम व काजू वगळल्याने वडीतील प्रथिने घटतातच असे नाही, हे या आकड्यांवरून दिसते. प्रथिने खरी घटतात ती गूळ, मध किंवा खजूर यांचे प्रमाण वाढल्यामुळे.

प्रथिनांचे प्रमाण जसे महत्त्वाचे, तशी त्यांची गुणवत्ताही. डाळींच्या प्रथिनांत मेथिओनिन हे अमिनो आम्ल तुलनेने कमी, तर लायसिन भरपूर असते. तीळ व बाजरी यांत स्थिती याच्या उलट असते. राजगिऱ्यात इतर धान्यांच्या मानाने लायसिन अधिक असते. त्यामुळे डाळे, बिया व धान्य यांचे मिश्रण कोणत्याही एका घटकापेक्षा सरस ठरते. दुधाच्या पावडरीतील प्रथिने सर्व आवश्यक अमिनो आम्लांनी युक्त असतात. सोयाबीन कच्चे वापरू नये. त्यात प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे घटक असतात व ते उष्णतेने निष्क्रिय होतात.

## कृती

### कवचफळविरहित डाळ्याची वडी

साहित्य : हरभऱ्याचे डाळे २०० ग्रॅम, साय काढलेल्या दुधाची पावडर १०० ग्रॅम, भोपळ्याच्या सोललेल्या बिया ५० ग्रॅम, सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया ५० ग्रॅम, राजगिऱ्याच्या लाह्या ५० ग्रॅम, गूळ २५० ग्रॅम, तूप ५० ग्रॅम, वेलदोड्याची पूड व चिमूटभर मीठ.

डाळे मंद आचेवर तीन-चार मिनिटे गरम करून कुरकुरीत करतात. त्यातील निम्मे बारीक दळतात व उरलेले जाडसर ठेवतात. पिठामुळे वडी बांधली जाते, तर जाडसर डाळ्यामुळे ती खाताना दाताखाली कुरकुरीत लागते. बिया वेगळ्या भाजतात. दुधाची पावडर चाळून घेतात, म्हणजे गुठळ्या राहत नाहीत.

जाड बुडाच्या कढईत चिरलेला गूळ व तीन-चार चमचे पाणी घालून गूळ विरघळवतात. कचरा असल्यास गाळून घेतात व तूप घालून पाक उकळू देतात. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकल्यावर त्याची मऊ गोळी झाली की पाक तयार समजतात. साखरेच्या पाकात ही गोळीबंद अवस्था सुमारे ११२ ते ११६ अंश सेल्सिअस तापमानाला येते. आच बंद करून आधी डाळे, बिया व लाह्या आणि शेवटी दुधाची पावडर मिसळतात. तूप लावलेल्या थाळीत मिश्रण ओतून वाटीच्या बुडाने दाबतात आणि कोमट असतानाच वड्या कापतात.

या साहित्यात एकूण सुमारे ११२ ग्रॅम प्रथिने असतात. १५ सारख्या वड्या केल्यास प्रत्येक वडी साधारण ५० ग्रॅमची होते. तीत सुमारे ७.५ ग्रॅम प्रथिने व सुमारे १७ ग्रॅम गूळ असतो.

### शेंगदाण्याची चिक्की

तुलनेसाठी, २५० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे व २०० ग्रॅम गूळ यांच्या चिक्कीच्या ५० ग्रॅम तुकड्यात सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात. चिक्कीसाठी पाक अधिक कडक करावा लागतो. पाण्यात टाकलेला थेंब कटकन तुटला पाहिजे. यासाठी बाजारात मिळणारा चिक्कीचा गूळ वापरतात. मऊ वडीसाठी साधा गूळ चालतो.

### उपवासाची वडी

केवळ १०० ग्रॅम राजगिऱ्याच्या लाह्या व १५० ग्रॅम गूळ यांपासून केलेल्या वडीच्या ५० ग्रॅममध्ये तीन ग्रॅमहून कमी प्रथिने असतात. त्यात १०० ग्रॅम दुधाची पावडर व ३० ग्रॅम तूप मिसळल्यास हे प्रमाण सुमारे ६.५ ग्रॅमपर्यंत जाते. दाण्याचा कूट न घालताही उपवासाच्या वडीतील प्रथिने अशा रीतीने वाढवता येतात.

### पाकाविना वडी

बिया काढलेला मऊ खजूर वाटून त्यात डाळ्याचे पीठ, बिया व दुधाची पावडर मळूनही वडी थापता येते. तिला शिजवावे लागत नाही. ओलावा अधिक असल्याने ती लवकर खराब होते. व्हे प्रथिनाची पावडर वापरायची असल्यास ती याच पद्धतीत सोयीची ठरते. उकळत्या पाकात ती घातल्यास वडी रबरासारखी किंवा फार कडक होते.

## ॲलर्जी व सुरक्षितता

शेंगदाणे किंवा कवचफळे यांच्या ॲलर्जीत अंगावर गांधी उठणे, ओठ व चेहरा सुजणे, उलट्या होणे, श्वास लागणे अशी लक्षणे दिसू शकतात. तीव्र प्रतिक्रियेला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. ती जीवघेणी ठरू शकते व तिच्यावर ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हा प्रथम उपचार आहे. महाराष्ट्रात तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

अशा व्यक्तीसाठी वडी करताना केवळ घटक बदलून भागत नाही. घटकांची इतर पदार्थांशी होणारी सरमिसळही टाळावी लागते.

- फुटाणे व डाळे : भट्टीवर फुटाणे व खारे शेंगदाणे एकाच कढईत, एकाच वाळूत भाजले जाऊ शकतात. अशा वेळी सुटे डाळे घेण्याऐवजी घटक व ॲलर्जीची सूचना छापलेले बंद पाकीट निवडणे किंवा घरीच हरभरे भाजणे योग्य ठरते.
- भांडी : दाण्याचा कूट केलेले मिक्सरचे भांडे, खलबत्ता, चाळणी व कढई गरम पाण्याने व साबणाने धुवावी लागतात. नुसते पुसल्याने प्रथिनांचे अंश निघत नाहीत.
- तेल : घाण्यावरच्या शेंगदाणा तेलात शेंगदाण्याचे प्रथिन राहू शकते. त्याऐवजी तूप वापरतात.
- चारोळी व गोडंबी : या दोन्ही बिया काजू व पिस्ता यांच्याच वनस्पतिकुलातील आहेत. डिंकाच्या लाडवांत त्या घालण्याची प्रथा आहे. कवचफळविरहित कृतीत त्या वगळतात.
- तीळ, सोयाबीन व दूध : हे स्वतःच काहींना ॲलर्जी करणारे घटक आहेत. भारतातील २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार शेंगदाणे, कवचफळे, सोयाबीन व दूध यांचा उल्लेख पाकिटावर करणे बंधनकारक आहे. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तिळाचाही प्रमुख ॲलर्जीकारक घटकांत समावेश झाला आहे.

उपवासाच्या दिवशी विशेष सावधगिरी लागते. साबुदाण्याची खिचडी, वडे, वऱ्याच्या तांदळाबरोबरची आमटी आणि राजगिऱ्याची चिक्की यांत दाणे किंवा दाण्याचा कूट सर्रास असतो. त्यामुळे ‘उपवासाचे’ म्हणून मिळणारी राजगिरा वडी शेंगदाणेविरहित असेलच असे गृहीत धरता येत नाही.

ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांपैकी अनेकांना हरभरा चालतो, तरी काहींना डाळींचीही ॲलर्जी असते. नवा घटक सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे. ॲलर्जी नसलेल्यांनीही बुरशी आलेले, काळवंडलेले किंवा सुरकुतलेले शेंगदाणे टाकून द्यावेत. त्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते व ते भाजल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. लहान मुलांना अख्खे दाणे किंवा कडक वडी दिल्यास घास घशात अडकण्याचा धोका असतो. मध घातलेली वडी एक वर्षाखालील बालकांना देत नाहीत.

## साठवण

पाकातील वडी पूर्ण थंड झाल्यावर कोरड्या, हवाबंद डब्यात ठेवतात. गूळ हवेतील ओलावा शोषून घेतो, त्यामुळे पावसाळ्यात वड्या चिकट होतात. त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये तेलकट कागद घालतात. बियांमधील तेल उष्णतेने खवट होते. ओले किंवा सुके खोबरे घातल्यास वडी आणखी लवकर खराब होते. खजुराची वडी शीतकपाटात ठेवून आठवडाभरात संपवणे श्रेयस्कर असते.

## आहारातील स्थान

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दररोज शरीराच्या वजनाच्या प्रति किलोग्रॅम ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी असतात. ६५ किलोग्रॅम वजनाच्या पुरुषासाठी हे प्रमाण सुमारे ५४ ग्रॅम, तर ५५ किलोग्रॅम वजनाच्या स्त्रीसाठी सुमारे ४६ ग्रॅम होते. वर दिलेली डाळ्याची एक वडी या गरजेचा सुमारे सातवा भाग भागवते. जेवणातील वरण, उसळ, दूध किंवा अंडी यांची जागा ती घेऊ शकत नाही.

भारतातील अन्नविषयक दाव्यांच्या नियमांनुसार घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये दैनंदिन शिफारशीच्या २० टक्के प्रथिने असल्यास त्याला प्रथिनसमृद्ध म्हणता येते. साधी शेंगदाण्याची चिक्कीही ही अट पूर्ण करते, मात्र तिचा जवळजवळ निम्मा भाग गुळाचा असतो. म्हणून प्रथिनांच्या दाव्याबरोबर साखरेचे प्रमाणही पाहावे लागते. मधुमेही व्यक्तींच्या बाबतीत गूळ, मध व खजूर यांची गणना साखरेतच होते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा लागतो.

## स्थानिक संदर्भ

वडीला लागणारे अनेक घटक पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात सहज मिळतात. दौंड तालुक्यात उसाबरोबर गुऱ्हाळांचा व्यवसाय वाढला आहे. शिरूर तालुक्याच्या कोरडवाहू पट्ट्यात बाजरी हे परंपरागत पीक आहे. पुणे–अहिल्यानगर मार्गावरील रांजणगाव हे अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान असून तेथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे मोठे औद्योगिक क्षेत्रही आहे. संकष्टी व अंगारकी चतुर्थीचे उपवास गणेशभक्तांमध्ये रूढ असल्याने शेंगदाणे वगळलेल्या राजगिरा वडीची गरज अशा ठिकाणी विशेषत्वाने जाणवते. बाजरीचे पीठ वडीत वापरायचे असल्यास ते खमंग भाजून घ्यावे लागते. बाजरीचे पीठ लवकर कडवट होत असल्याने वडीसाठी ते ताजे दळलेले घेतात.

## हेही पहा

- चिक्की
- राजगिरा
- तीळगूळ
- डिंकाचे लाडू
- अन्नाची ॲलर्जी
- प्रथिने