फोटोतला रंग पुरावा म्हणून वापरण्याआधी

समजा, तुम्ही झरी जामणी तालुक्यातल्या कोलाम समाजाच्या अलीकडच्या इतिहासावर काम करायचं ठरवलं. कोलामी भाषेला स्वतःची लिपी नाही, त्यामुळे लेखी साधनं बहुतेक बाहेरच्यांची. अशा वेळी घरात जपलेले जुने रंगीत फोटो मोठा आधार वाटतात. एका फोटोत नवरीचं लुगडं पांढरं दिसतं, दहा वर्षांनंतरच्या फोटोत फिकट पिवळं. तुम्ही वहीत लिहिता, 'प्रथा बदलली.' जरा थांबा. बदलला असेल तो कदाचित फक्त दिवा!

या दिव्याचा इतिहास थोडक्यात पाहू. १८८७ मध्ये जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची झगमगती पूड आणली. उजेड जास्त हवा तर पूड जास्त घ्यायची, आणि मग ती जळायला वेळही जास्त लागायचा. १९२९ च्या सुमारास फ्लॅशबल्ब आले. १९३० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी वायू भरलेल्या नळीतून विजेचा झोत सोडून क्षणाच्या बारीक तुकड्याचे फोटो काढले. आजचा स्टुडिओ फ्लॅश याच घराण्यातला: कपॅसिटरमध्ये वीज साठवायची आणि झेनॉनच्या नळीत एकदम सोडायची.

आता खरा मुद्दा. हा उजेड कमी कसा करायचा? याच्या तीन रीती आहेत आणि प्रत्येकीची खूण वेगळी.

पहिली, व्होल्टेज उतरवणं. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे व्होल्टेज निम्मं केलं की ऊर्जा पाव होते. पण नळीतला प्रवाहही मंदावतो. त्यामुळे रंगतापमान उतरतं, उजेड पिवळट होतो आणि झोत लांबतो.

दुसरी, काही कपॅसिटर बाजूला काढणं. व्होल्टेज तेच राहतं, म्हणून रंग फारसा हलत नाही आणि झोत आखूड होतो.

तिसरी, झोत मधेच तोडणं. झोताचा माथा निळसर असतो आणि शेपूट तांबूस. शेपूट कापली की झोत फार आखूड होतो आणि उरलेला उजेड निळसर पडतो. आजच्या अशा दिव्यांत हे काम बहुधा आयजीबीटी करतो. १९८० च्या आसपास जनरल इलेक्ट्रिकमध्ये त्याच्या विकासात बी. जयंत बलिगा या मूळ भारतीय अभियंत्याचा मोठा वाटा होता. नवे दिवे व्होल्टेज आणि तोडणं दोन्ही जुळवून रंग सांभाळतात. जुन्या दिव्यांकडून ती अपेक्षा ठेवू नका.

वेळेचंही तसंच. दंडारीच्या एका फोटोत पाय स्पष्ट आणि दुसऱ्यात पुसट दिसले, म्हणून नाच जलद झाला असं ठरत नाही. झोताची लांबीही दोन प्रकारे मोजतात. तेज शिखराच्या निम्म्याहून वर असतं तेवढा काळ हे एक माप, दहा टक्क्यांहून वर असतं तेवढा काळ हे दुसरं. दुसरं माप बहुधा पहिल्याच्या तिपटीच्या आसपास येतं. कंपनीच्या माहितीपत्रकात पहिलंच छापलेलं असू शकतं, तेव्हा आकड्यासोबत माप कोणतं तेही टिपून घ्या.

त्यात प्रिंट काढताना लॅबने केलेली दुरुस्ती आणि वर्षानुवर्षं उडालेला रंग यांची भर पडते. मग फोटो टाकून द्यायचे का? मुळीच नाही. एकाच रोलवरचे, एकाच पडद्यासमोरचे फोटो एकमेकांशी ताडून बघा. फोटोत पांढरी टोपी किंवा सदरा असेल तर तोही पिवळा पडलाय का ते तपासा. टोपी, सदरा, लुगडं सगळंच पिवळट असेल तर संशय आधी दिव्यावर किंवा प्रिंटवर. फक्त लुगडंच पिवळं असेल तर तुमच्या हाती काहीतरी लागलंय.

मग ते लुगडं नेसलेल्या आजीला विचारा. तिचं उत्तर आणि तुमची तपासणी, दोन्ही प्रबंधात लिहा. लेखी साधनं कमी असलेल्या समाजाबद्दल छापलेलं एक चुकीचं वाक्य पुढचे दहा अभ्यासक उचलतात, आणि ते खोडायला त्या समाजाकडे दुसरा कागद नसतो.